दात वयाने पडत नाहीत

'चणे आहेत तर दात नाहीत, आणि दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण आपण सगळेच वापरतो. ती वापरताना एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. चणे विकत घेण्याची ऐपत येईपर्यंत माणसाचे वय झालेले असणार, आणि वय झाले म्हणजे दात पडणारच. केस पिकतात तसे दात पडतात, त्यात विशेष ते काय, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाटत आले आहे. मी दंतवैद्यक शिकलो आणि पुढे तीसएक वर्षे तेच शिकवले. त्या अनुभवावरून मला एवढेच सांगायचे आहे, की ही समजूत खरी नाही. दात वयाने पडत नाहीत. मोठ्या माणसांचे कितीतरी दात हिरड्यांच्या आजाराने जातात, आणि तो आजार बहुतेकांना टाळता येतो किंवा वेळीच थोपवता येतो. ही गोष्ट माणसाला कशी कळली, कळूनही कशी विसरली गेली आणि पक्की कळायला किती उशीर लागला, त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात घरापासून करतो. कराडजवळच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी टूथब्रश क्वचितच दिसे. पुरुषमंडळी बाभळीची नाही तर कडुनिंबाची काडी चावत ओढ्याकडे जात. घरात राखुंडी असे. बायका तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करीत आणि डबीत भरून ठेवीत. ही मिश्री. माझ्या आईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा आजीनेच तिला मिश्री लावायला शिकवले. रक्त कमी झाले. आईला वाटले, गुण आला. काही वर्षांनी दात हलू लागले. १९६६ साली तिला तालुक्याच्या गावी दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात पाहिले आणि म्हणाले, "बाई, हिरड्या पार नासल्यात. वयोमानानं हे व्हायचंच. काढून टाकू." चार खेपांत सगळे दात निघाले. आई तेव्हा ४४ वर्षांची होती.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या काळी बहुतेकांनी हेच सांगितले असते. पण 'वयोमानानं' हा शब्द माझ्या मनात राहिला.

सुश्रुताची खूण

हिरड्यांचा आजार आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी दातांचे रोग ८, तर दातांच्या मुळांशी असलेल्या मांसाचे, म्हणजे हिरड्यांचे, रोग १५ आहेत. दातांपेक्षा हिरड्यांचे रोग जवळजवळ दुप्पट! 'शीताद' या रोगात हिरड्यांतून विनाकारण रक्त येते, त्या मऊ पडतात, त्यांना दुर्गंधी येते. 'दंतवेष्ट' या रोगात पू आणि रक्त वाहते आणि दात हलू लागतात. युरोपातल्या डॉक्टरांनी पुढे ज्याला 'पायोरिया' म्हटले, त्या शब्दाचा अर्थही पू वाहणे असाच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दातांवर साचून घट्ट होणाऱ्या मळालाही सुश्रुतसंहितेत नाव आहे. ते म्हणजे 'दंतशर्करा'. शर्करा म्हणजे इथे साखर नव्हे, खडीसारखा कण. आपण ज्याला किटण म्हणतो तेच हे. दातांच्या मुळांना इजा होऊ न देता ही शर्करा काढून टाकावी, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. शस्त्रांच्या यादीत त्यासाठी 'दंतशंकू' नावाचे हत्यारही आहे. रोजच्या स्वच्छतेसाठी काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड आणि सरळ असावी. तिचा कुंचला मऊ करून एकेक दात वेगळा घासावा आणि हिरड्या दुखावू नयेत, असा दंडक आहे. कडू झाडांत कडुनिंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि गोडांत मोह उत्तम, हेही सांगून ठेवले आहे.

सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्षू समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि नालंदेत राहून शिकला. त्याने आपल्या प्रवासवृत्तान्तात या काडीवर खास लिहिले आहे. तिचे एक टोक सावकाश चावून मऊ करायचे, त्याने दात घासायचे, मग ती उभी चिरून तिने जीभ खरवडायची. भारतात दातदुखी क्वचितच आढळते, याचे श्रेय तो या काडीला देतो.

मग हे सारे गेले कुठे? काडी राहिली, पण तिच्यामागचा विचार गळून गेला. आमच्या गावातली माणसे काडी चघळत चालत, समोरचे चार दात घाशीत आणि काडी फेकून चूळ भरीत. एकेक दात वेगळा घासा, हिरडी जपा, हे कुणी सांगत नसे. शस्त्रकर्माची परंपरा मागे पडली आणि दंतशंकू ग्रंथातच राहिला. शिवाय दाढांच्या मागच्या बाजूला आणि दोन दातांच्या फटीत काडी पोचत नाही. आजार सुरू होतो तो नेमका तिथे.

दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॉर्डोबा इथे अबुल कासिम अल्-झहरावी या शल्यवैद्याने किटण खरवडायच्या १४ हत्यारांची चित्रे काढून ठेवली. दातांच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या आकाराचे हत्यार लागते, हे त्याने ओळखले होते. त्याचा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात पुढे कित्येक शतके वाचला गेला. म्हणजे किटण काढावे हे पूर्वेलाही ठाऊक होते आणि पश्चिमेलाही. ते वाईट का, हे मात्र कुणालाच माहीत नव्हते.

कापड दुकानदाराची चूळ

ते पहिल्यांदा पाहिले एका कापडाच्या व्यापाऱ्याने. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेवेनहूक फावल्या वेळात भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवीत असे. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याच तोंडाची हकिगत कळवली. तो रोज मिठाने दात घाशी, दाढा कोरी, फडक्याने पुशी. तरीही दाढांच्या फटीत पिठाच्या लगद्यासारखा पांढरा थर साचे. तो पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरला, तर आत असंख्य जीव वळवळत होते. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला मळही त्याने तपासला. आपल्या तोंडात जेवढे जीव आहेत तेवढी आपल्या देशात माणसेही नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

त्याने केलेला पुढचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्याने कडक व्हिनेगरने, म्हणजे शिरक्याने, भरपूर चुळा भरल्या आणि मग पुन्हा मळ तपासला. जीव होतेच. तोच मळ पाण्यात कालवून त्यात शिरक्याचा थेंब टाकला, तर मात्र ते तत्काळ मेले. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की चूळ भरल्याने थराच्या वरवरचे जीव मरतात, शिरका आतपर्यंत पोचतच नाही. आज आपल्याला माहीत आहे, की हा थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती चिकट पदार्थ पसरून बांधलेली वस्तीच असते. ती घासून मोडावी लागते, नुसत्या चुळांनी धुतली जात नाही. मिठाच्या कोमट गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला आराम जरूर पडतो. पण गुळण्या केल्या म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी या डच दुकानदाराची आठवण ठेवावी.

लेवेनहूकने जीव पाहिले, पण ते आजार करतात असे त्याने म्हटले नाही. तो धागा जुळायला आणखी दोनशे-पावणेतीनशे वर्षे गेली. मधल्या काळात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज या दंतवैद्याने आग्रहाने मांडले, की हिरड्या कापून हा आजार बरा होत नाही. हिरडीच्या आतले किटण काढून दात गुळगुळीत करा, हिरडी आपोआप सुधारते. १८७६ मध्ये त्याने यावर व्याख्यान दिले. तेव्हापासून बरीच वर्षे पायोरियाला 'रिग्जचा रोग' म्हणत.

आणि मग पारडे उलट फिरले. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून तोंडातल्या अस्वच्छतेवर आणि तिच्यावर चढवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर कोरडे ओढले. सांधेदुखीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याचे मूळ तोंडातल्या पुवात आहे, असा समज त्यानंतर पसरला. मग संशय आला की दात उपटा, असा सपाटा अनेक देशांत दोन-तीन दशके चालला. त्या विचाराची लाट ओसरली, पण 'काढून टाकू' हे उत्तर मात्र अंगवळणी पडून गेले.

ब्रशची गोष्टही याच काळातली. पूर्वीचे ब्रश डुकराच्या केसांचे असत. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनचा ब्रश बाजारात आला. १९४८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. चार्ल्स बास यांनी ब्रश कसा धरावा हे सांगितले. हे गृहस्थ दंतवैद्य नव्हते, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. मऊ ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेघेवर तिरका, ४५ अंशांत टेकवावा आणि जागच्या जागी हलके हलवावा, ही त्यांची पद्धत. मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर हीच शिकवली.

एकवीस दिवस आणि पंधरा वर्षे

एवढे होऊनही शंका उरलीच होती. हिरड्यांचा आजार वयाने होतो, जीवनसत्त्वाच्या अभावाने, की मळानेच? याचा निकाल १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूस इथल्या दंतविद्यालयात लागला. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची १२ माणसे निवडली. त्यांतले बहुतेक पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यांना सांगितले, दात घासणे बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मळात कोणते जिवाणू कसकसे वाढत गेले याची नोंद रोज ठेवली जात होती. मग पुन्हा दात घासायला सांगितले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना शस्त्रक्रिया.

तरुण, धडधाकट मुलांना तीन आठवड्यांत आजार झाला आणि एका आठवड्यात गेला. मग त्यात वयाचा संबंध कुठे राहिला? दंतमहाविद्यालयात असताना १९७० च्या सुमारास मी हा निबंध वाचला. त्यावरचे साल पाहून मी थांबलो. १९६५. आईचे दात काढले त्याच्या आदल्या वर्षी तो छापला गेला होता. अर्थात, तिच्या हिरड्या तोवर बऱ्याच पुढे गेल्या होत्या. सगळे दात वाचले असते असे मी म्हणणार नाही, पण सगळे काढावे लागले नसते.

हिरडीची नुसती सूज बरी होते. मात्र तिकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर मळ लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो, हिरडी दातापासून सुटते, आत खाचा पडतात आणि शरीर जिवाणूंशी लढता लढता दाताला धरून ठेवणारे हाडच झिजवून बसते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. हे किती वेगाने घडते, ते पाहण्यासाठी लो यांनी आणखी एक मोठे काम हाती घेतले. १९६९ मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातले ५६५ विद्यार्थी व अध्यापक तपासले. त्यांना लहानपणापासून उत्तम दंतसेवा मिळत होती. १९७० मध्ये त्यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० मजूर तपासले. ब्रिटिशांच्या काळात दक्षिण भारतातून मळ्यांवर नेलेल्या तमिळ कुटुंबांतली ही माणसे. त्यांच्यापर्यंत ना ब्रश पोचला होता, ना दंतवैद्य.

पंधरा वर्षे हे मजूर पुन्हा पुन्हा तपासले गेले. १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ८ टक्के मजुरांच्या तोंडात आजार झपाट्याने पसरला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. मळ सगळ्यांच्या दातांवर सारखाच होता. म्हणजे मळ हे कारण खरे, पण शरीराची धाटणीही महत्त्वाची. 'आमचे आजोबा कधी दात घासत नव्हते, तरी नव्वदीत ऊस सोलून खायचे' असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांचे आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतात. आपण त्यांत आहोत की नाही, हे आधी कळत नाही, एवढेच.

हे आकडे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. मीही ते फळ्यावर लिहीत असे. पण लिहिताना दरवेळी वाटे, ऑस्लोच्या अध्यापकांचे दात राखले जात होते आणि मळ्यावरच्या मजुरांचे मोजले जात होते. त्या मजुरांत मला आमच्याच गावचे लोक दिसत.

राखण्याचा प्रयोगही झाला. स्वीडनमधल्या कार्लस्टाड इथे पेर अक्सेल्सन आणि यान लिंडे यांनी १९७२ पासून ३७५ जणांना घासण्याचे नीट शिक्षण दिले आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचे दात साफ केले. तुलनेसाठी १८० जण नेहमीप्रमाणे वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जात राहिले. सहा वर्षांत त्यांची स्थिती बिघडत गेली, म्हणून तो गट बंद करण्यात आला. पहिल्या गटातले २५७ जण तीस वर्षे टिकले. त्या तीस वर्षांत माणशी सरासरी दोन दातही गेले नाहीत, आणि जे गेले त्यांतले बहुतेक मूळ तडकल्यामुळे गेले. त्यांतल्या कित्येकांनी साठी-सत्तरी ओलांडली होती. वयाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मग करायचे काय?

दिवसातून दोनदा, त्यात रात्री झोपण्यापूर्वी न चुकता, मऊ ब्रशने निदान दोन मिनिटे दात घासावेत. जोर लावू नये. दातांच्या फटींसाठी धागा किंवा बारीक ब्रश वापरावा. विटकरीची पूड, जाडे मीठ, कोळसा यांनी दात आणि हिरड्या खरचटतात. साचून दगड झालेले किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. 'दात साफ करून घेतले की ढिले होतात' ही तक्रार मी हजारदा ऐकली आहे. खरे असे, की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात. ते काढले की आतली खरी अवस्था उघडी पडते, काही दिवस पाणी लागते, आणि बोल साफसफाईला लागतो. मधुमेह असेल तर दुप्पट जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

आणि मिश्री? तंबाखूमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसेनासे होते, आजार मात्र आत चालूच राहतो. आईला आलेला गुण तो हाच होता. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली. पण घरच्या तव्यावरची मिश्री कायद्याने कशी थांबणार?

दात वाचवता आले असते, हे मी आईला कितीतरी वर्षे सांगितले नाही. सांगून काय उपयोग, असे वाटे. एकदा सुट्टीत माझी मुलगी परसात दात घाशीत होती. थुंकीत रक्त दिसले तशी आई कळवळून म्हणाली, "तिथं घासू नको गं बाळ, दुखंल." मग मला राहवले नाही. मी म्हणालो, "आई, रक्त येतंय म्हणूनच तिथं घासायला हवं. हलक्या हातानं, पण रोज. आठ दिवसांत रक्त थांबेल." आणि मग बाकीचेही सांगितले. डेन्मार्कची मुले, श्रीलंकेचे मजूर, मिश्री, सगळे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आन् मग हे आमाला आधी कुनी सांगितलं का न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. आई ८३ वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत ती शेंगदाणे कुटून खात होती. माझी पंचाहत्तरी उलटली आहे, आणि फुटाणे मी दातांनीच फोडतो. आमच्या दोघांच्या हिरड्यांत फार फरक असेल असे मला वाटत नाही. फरक पडला तो मला सांगणारे कुणीतरी भेटले म्हणून. तेव्हा घरात कुणाच्या हिरडीतून रक्त येत असेल, तर त्यांना वयाचे कारण देऊ नका. एवढे सांगा, की घासणे थांबवू नका आणि एकदा दाखवून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)